आकाशाचे गणित : डॉ. विष्णू माधव घाटगे

विमानाची घरघर ऐकू आली की खेड्यातील माणसे आजही हातातले काम थांबवून वर पाहतात. त्यात लहानथोर, शिकलेला-अडाणी असा भेद नसतो. परंतु हे विमान कोणाच्या डोक्यातून निघाले असेल, असा प्रश्न आपल्या मनात क्वचितच येतो. आणि आलाच, तर त्याचे उत्तर आपण आधीच ठरवून टाकलेले असते. कोणी इंग्रज असेल, नाही तर कोणी अमेरिकन! स्वतंत्र भारतात ज्या विमानाची रचना प्रथम कागदावर उतरली आणि जे आपल्याच कारखान्यात घडून आकाशात गेले, त्या विमानाचा रचनाकार कोल्हापूर जिल्ह्यातील एका खेड्यात जन्मलेला मराठी माणूस होता, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे? त्यांचे नाव डॉ. विष्णू माधव घाटगे.

महाविद्यालयाच्या वार्षिकात साहित्यिक, संत आणि समाजसुधारक यांची चरित्रे नेहमी येतात, आणि ती यावीतच. तथापि कला शाखेच्या विद्यार्थ्याने शास्त्रज्ञाच्या वाटेला जाऊच नये, असे मला वाटत नाही. शास्त्रज्ञाचे गणित आपल्याला सोडविता आले नाही तरी त्याचे आयुष्य समजून घेता येते. आणि आयुष्य नीट समजले की गणितातला मुद्दाही थोडाफार उलगडतो. घाटगे यांच्या आयुष्यात तर हा मुद्दा फार ठळक आहे. वाऱ्याची वाट सुकर कशी करावी आणि त्या वाटेवर शक्तीची गळती कमी कशी करावी, हाच तो मुद्दा होय.

घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ रोजी हसूरचंपू या गावी झाला. हे गाव गडहिंग्लज तालुक्यात, मराठी आणि कानडी मुलूख जेथे एकमेकांत मिसळतात त्या सीमाभागात आहे. तो काळ संस्थानी होता आणि कोल्हापूरच्या गादीवर राजर्षी शाहू महाराज होते. घाटगे आठ-नऊ वर्षांचे असताना, १९१७ साली, महाराजांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. शिक्षण ही ठरावीक घरांची मिरास नाही, हा विचार ज्या भूमीत मूळ धरत होता, त्या भूमीतून हा मुलगा वर आला. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. राइट बंधूंनी पहिले उड्डाण केले ते १९०३ साली. म्हणजे घाटगे जन्मले तेव्हा विमान ही वस्तूच अवघी पाच वर्षांची होती. ज्या विद्येत त्यांना पुढे नाव मिळवायचे होते, ती विद्या जणू त्यांच्याबरोबरच रांगत होती!

भारतातील विज्ञानाचे शिक्षण आटोपून घाटगे जर्मनीस गेले. उच्च शिक्षणासाठी विलायतेची वाट धरण्याचा त्या काळचा रिवाज होता. घाटगे यांची वाट मात्र गॉटिंगेन या जर्मन विद्यापीठाच्या गावी गेली. गॉटिंगेन ही त्या काळी गणित आणि पदार्थविज्ञान यांची काशीच होती. परंतु १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि त्या काशीवर आघात झाला. माक्स बॉर्न, एमी न्योथर, रिचर्ड कूरान्ट यांच्यासारख्या थोर विद्वानांना केवळ ज्यू म्हणून तेथून जावे लागले. अशा विपरीत काळात परक्या भाषेत अभ्यास करून घाटगे यांनी १९३६ साली डॉक्टरेट मिळविली.  त्यांचे गुरू होते लुडविग प्रांटल.

प्रांटल यांची ओळख करून घेतल्याशिवाय घाटगे यांच्या कार्याचे मर्म कळणार नाही. त्यांचा जन्म १८७५ चा. १९०४ साली हायडेलबर्ग येथे जगातील गणितज्ञांची परिषद भरली होती. तेथे या तरुण प्राध्यापकाने जेमतेम दहा मिनिटांचा एक निबंध वाचला. छापील पाने आठ! पण त्या आठ पानांनी हवेच्या आणि पाण्याच्या शास्त्राचे रूप पालटून टाकले. तोपर्यंत गणित सांगे की, गुळगुळीत प्रवाहात ठेवलेल्या वस्तूला विरोध होणारच नाही. आणि अनुभव सांगे की, विरोध होतो, चांगलाच होतो! ही गाठ प्रांटल यांनी सोडविली. हवा पृष्ठभागावरून वाहते तेव्हा अगदी लगतचा थर पृष्ठभागाला चिकटून उभा राहतो. त्याच्यावरचा थर जरा सरकतो, त्यावरचा आणखी जरा वेगाने जातो, आणि थोड्याच अंतरावर हवा आपल्या पूर्ण वेगाने वाहू लागते. मधल्या त्या पातळ पट्ट्याला सीमास्तर म्हणतात. विमानाच्या पंखावर त्याची जाडी बोटा-दोन बोटांपलीकडे सहसा जात नाही. परंतु घर्षणाचा सारा खेळ तेथेच चालतो.

आपण शेतकऱ्यांची मुले आहोत. आपल्याला हे समजायला प्रयोगशाळा नको. पाटाला पाणी सोडलेले असताना मध्यभागी काडी टाकावी. ती भराभर पुढे जाते. तीच काडी काठाला टाकली तर रेंगाळत राहते. पाणी एकच, पाट एकच, पण काठ पाण्याला धरून ठेवतो. आणि जेथे पाट एकाएकी वळतो किंवा रुंदावतो, तेथे काठाचे थकलेले पाणी पुढे जाऊच शकत नाही. ते मागे फिरते आणि भोवरा घालत बसते. हवेचेही तसेच होते. पंखाचा आकार चुकला, उतार जरा जास्त झाला, की सीमास्तर पृष्ठभाग सोडतो, मागे भोवऱ्यांचा पट्टा तयार होतो आणि विमान पुढे नेण्याची शक्ती ते भोवरे फिरविण्यात खर्ची पडते. पुढे जाण्याऐवजी जागच्या जागी गरगरण्यात गेलेली ही शक्ती परत मिळत नाही. तिलाच शास्त्रात हानी म्हणतात. ही हानी डोळ्यांना दिसत नाही, पण इंधनाच्या खर्चात दिसते. घाटगे गॉटिंगेनहून जी विद्या घेऊन आले ती ही होती.

याच गावात, याच वर्षांत, आणखी एक तरुण शिकत होता. त्याचे नाव हान्स फॉन ओहाइन. पुढे त्याच्या कल्पनेतून तयार झालेल्या इंजिनावर २७ ऑगस्ट १९३९ रोजी जगातील पहिले जेट विमान जर्मनीत उडाले. इंग्लंडमध्ये फ्रँक व्हिटल हेही स्वतंत्रपणे त्याच मार्गावर होते आणि त्यांच्या इंजिनाचे विमान १९४१ साली उडाले. एकाच गावाच्या विद्येचे हे दोन प्रवाह पुढे कसे वाहिले, हे पाहण्याजोगे आहे. एका प्रवाहातून विमानाचा देह घडला, दुसऱ्यातून विमानाचे हृदय. घाटगे यांच्या वाट्याला देह घडविण्याचे काम आले, आणि हृदयाची उणीव त्यांच्या देशाला जन्मभर जाणवत राहिली.

घाटगे परतले तेव्हा भारतात विमानाचा कारखाना नव्हता. विमानविद्येचा डॉक्टर असून विमान बांधायला जागा नाही, अशी ती अवस्था! ती जागा निर्माण केली ती सोलापुरात जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर सरकारच्या साहाय्याने त्यांनी बंगलोर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली. आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स ती हीच. घाटगे आरंभीच्या काळातच या कारखान्यात दाखल झाले. महायुद्ध भडकले होते. १९४२ साली सरकारने कारखाना आपल्या हाती घेतला आणि पुढे तो मुख्यतः अमेरिकन विमानांच्या दुरुस्तीत गुंतला. त्या धामधुमीतही घाटगे यांनी दहा माणसे बसतील असे एक बिनइंजिनाचे विमान, म्हणजे ग्लायडर, रचले. ते एकच बांधले गेले. पण परक्यांची विमाने दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात आपलेही काही रचता येते, हे त्या एका ग्लायडरने दाखवून दिले.

१९४२ च्या डिसेंबरात बंगलोरच्याच भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला. त्याच्या उभारणीच्या दिवसांत घाटगे तेथे शिकवीत होते. कारखाना आणि वर्ग यांच्यामध्ये त्यांनी अशी ये-जा ठेवली. नुसता कारखाना असला तर माणसे हुकूम पाळायला शिकतात, आणि नुसता वर्ग असला तर फळ्यावरचे विमान फळ्यावरच राहते. आपल्या देशाला दोन्ही हवे होते.

स्वातंत्र्य मिळाले आणि हवाई दलाला शिकाऊ वैमानिकांसाठी विमान हवे झाले. १९४८ च्या सुमारास घाटगे यांच्या नेतृत्वाखाली रचनेचे काम सुरू झाले आणि ऑगस्ट १९५१ मध्ये एच.टी.-२ हे विमान बंगलोरच्या आकाशात गेले. वैमानिक होते कॅप्टन जमशेद मुन्शी. विमान पूर्ण धातूचे. पंख खालच्या अंगाला. पुढे शिष्य, मागे गुरू अशा दोन जागा. दिसायला साधे, परंतु शिकाऊ विमान रचणे हे साधे काम नव्हे. ज्याचा हात अजून बसलेला नाही, अशा पोराच्या हाती ते द्यावयाचे असते. त्याने चूक केली तरी विमानाने त्याला सांभाळून घेतले पाहिजे. पंखावरील हवा पृष्ठभाग केव्हा सोडील आणि सोडण्यापूर्वी वैमानिकाला इशारा कसा मिळेल, हे सारे आधी ताडावे लागते. प्रांटल यांचा सीमास्तर येथे पुस्तकात राहत नाही. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाचा जीव त्याच्यावर टांगलेला असतो. या जातीची दीडशेहून अधिक विमाने तयार झाली. आपल्या हवाई दलातील अनेक वैमानिकांनी पहिले धडे त्यांवर गिरविले, आणि आफ्रिकेतील घाना या देशानेही ती आपल्याकडून घेतली.

पुढे पुष्पक आले, कृषक आले. त्यानंतर घाटगे यांच्या नेतृत्वाखाली किरण या जेट शिकाऊ विमानाची रचना झाली आणि सप्टेंबर १९६४ मध्ये ते उडाले. १९६५ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.

आता या यशाच्या यादीकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू. एच.टी.-२ चे इंजिन सिरस मेजर, ब्रिटिश. पुष्पक आणि कृषक यांचे इंजिन कॉन्टिनेंटल, अमेरिकन. किरणचे इंजिन व्हायपर, पुन्हा ब्रिटिश. देह आपला, हृदय उसने! आणि उसन्या हृदयाचा खरा हिशेब मारुतच्या वेळी द्यावा लागला.

मारुत हे लढाऊ जेट विमान. त्याची रचना करण्यासाठी कुर्ट टांक हे नामवंत जर्मन रचनाकार १९५६ मध्ये बंगलोरला आले. घाटगे ज्या कारखान्यात आरंभापासून होते, जेथे त्यांच्या हाताखाली भारतीय अभियंत्यांची एक पिढी तयार झाली होती, तेथेच मारुत घडले. १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी ते उडविले. त्याचा देह देखणा आणि वाऱ्याला साजेसा होता. आवाजाच्या दुप्पट वेगाचे स्वप्न त्यात होते. पण त्यासाठी जे ऑर्फियस इंजिन योजले होते, त्याचे सुधारित रूप ब्रिटनमध्ये अर्ध्यावर थांबले. पुढील खर्च भारताने सोसावा, असा मामला होता. तो जमला नाही. शेवटी त्याच घराण्यातले कमी ताकदीचे इंजिन बसवावे लागले. दर इंजिनामागे सुमारे ३७०० किलोच्या रेट्याऐवजी सुमारे २२०० किलोंवर भागवावे लागले आणि मारुत आवाजाच्या वेगाच्या आसपासच अडले. शक्ती वाढविण्याचे प्रयत्न झाले. १० जानेवारी १९७० रोजी सुधारित मारुतची चाचणी घेताना सुरंजन दास यांचा अपघाती अंत झाला. १९७१ च्या युद्धात मारुत लढले आणि चांगले लढले. एकूण १४७ मारुत तयार झाले. मात्र जे व्हावयाचे होते ते झाले नाही, ही रुखरुख उरलीच.

विमान रचता येते, मग इंजिन का रचता येऊ नये? हा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. याचे उत्तर शोधताना आपल्याला पुन्हा प्रांटल यांच्या त्या पातळ थराकडे यावे लागते.

आपल्या छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की सर्वांनी पाहिली आहे. डोंगराकडचे पाणी मातीच्या नळांतून कित्येक मैल आणून, त्या पडत्या पाण्याच्या जोरावर जाते फिरविले जाई. वाहत्या प्रवाहाकडून काम करून घ्यावयाचे, हे तेथील तत्त्व. जेट इंजिनातील टर्बाइनचे तत्त्व याहून फार निराळे नाही. पुढून आत आलेली हवा दाबली जाते, तिच्यात इंधन जाळले जाते आणि तो तापलेला वायू पात्यांच्या रांगांमधून बाहेर धावतो. पहिली रांग स्थिर पात्यांची. ती वायूला नेमकी दिशा देते. तिच्यामागची रांग फिरत्या पात्यांची. ती वायूकडून काम घेते आणि त्या कामावर पुढची हवा दाबण्याचे यंत्र चालते. उरलेला वायू मागून झोताने बाहेर पडतो आणि विमान पुढे जाते. प्रत्येक पाते म्हणजे बोटाएवढा, तळहाताएवढा, वळणदार पंखच! पंखावर होणारी प्रत्येक हानी येथे होते: सीमास्तराचे घर्षण, पात्यामागे राहणारी मंद वायूची शेपटी, पात्याच्या मुळाशी उठणारे भोवरे, आणि फिरत्या पात्याचे टोक व बाहेरचे कवच यांमधील बारीक फटीतून काम न करताच निसटणारा वायू.

परंतु खरी अडचण उष्णतेची आहे. वायू जितका तप्त, तितकी त्याच आकाराच्या इंजिनातून अधिक शक्ती. आधुनिक इंजिनात हा वायू दीड हजार अंश सेल्सिअसच्याही वर जातो, आणि पाती ज्या निकेलच्या मिश्रधातूची असतात तो धातू तेराशे-चौदाशे अंशांच्या आसपास वितळू लागतो. म्हणजे पाते अशा आगीत उभे असते की ज्या आगीत त्याने वितळून जावे. शिवाय मिनिटाला हजारो फेरे घेताना त्याला बाहेर खेचणारा प्रचंड ताण असतो तो वेगळाच. मग ते टिकते कसे? त्याला आतून पोकळ करतात आणि पुढे दाबलेल्या हवेतील काही भाग चोरून त्या पोकळीतून खेळवितात. दुसऱ्या महायुद्धात निकेलची टंचाई झाली, तेव्हा जर्मन अभियंत्यांनी युमो ००४ या इंजिनात पत्र्याची पोकळ, हवेने थंड होणारी पाती वापरली. पुढे याहून पुढची पायरी आली. पात्याच्या अंगावर सुईच्या छिद्रांसारखी छिद्रे पाडून थंड हवा बाहेर सोडावयाची, आणि तिचा पातळ पदर पात्याभोवती पांघरावयाचा.

उन्हाळ्यात माठातले पाणी गार का राहते? माठ पाझरतो म्हणून. तो पाझरला नाही तर पाणी गार होणार नाही; आणि पाझरला तर तितके पाणी कमी होणारच. गारव्याची किंमत माठ पाण्यानेच मोजतो. टर्बाइनच्या पात्यालाही अशी किंमत मोजावी लागते. अतितप्त इंजिनांत दाबलेल्या हवेचे शंभरातील पंधरा-वीस भाग या थंडाव्यासाठी खर्ची पडतात. ती हवा दाबायला शक्ती लागलेली असते, आणि तरीही ती तापलेल्या वायूइतके काम करीत नाही. छिद्रांतून बाहेर पडलेली मंद हवा वेगवान वायूत मिसळते तेव्हा दोघांच्या झटापटीत दाब वाया जातो. हवा खेळविण्यासाठी पात्याची मागची कड जाड ठेवावी लागते, म्हणून मागची मंद शेपटी रुंदावते. शिवाय हवा सोडण्यातही मोठे तारतम्य लागते. फुंकर फार हलकी झाली तर पाते भाजते. फार जोराची झाली तर थंड हवेचा झोत पात्यापासून उचलला जातो, आणि त्याच्याखाली तप्त वायू शिरून पुन्हा पातेच भाजते! म्हणून छिद्राचा तिरपेपणा, त्याचे तोंड, त्याची जागा हे सारे तोलून ठरवावे लागते. थोडे तापमान वाढवून जे मिळविले ते थंडाव्याच्या हानीत तर गेले नाही ना, हा हिशेब टर्बाइनच्या अभियंत्याला अखंड मांडावा लागतो.

आणि ही थंड हवा नेमकी कोठे सोडावयाची असते? पात्यालगतच्या त्याच सीमास्तरात, जो प्रांटल यांनी १९०४ साली दाखविला! पृष्ठभागालगत सोडलेल्या हवेच्या पदराचा एक आरंभीचा अभ्यास गॉटिंगेनमध्येच, महायुद्धाच्या काळात, कार्ल वीघार्ट यांनी केला. त्यांचा हेतू उलटा होता: पंखावरचे बर्फ वितळविण्यासाठी गरम हवा सोडणे. परंतु गरम काय आणि थंड काय, पदराचे गणित एकच. यावरून असे दिसते की, घाटगे ज्या विद्येचे पाईक होते ती पंखाची आणि पात्याची विद्या मुळात एकच होती. उणीव बुद्धीची नव्हती. मग होती कशाची?

माझ्या मते ती वेळेची आणि चिकाटीने पोसलेल्या संस्थांची होती. विमानाचा देह पाच-सात वर्षांत उभा राहतो. पात्याचा धातू ओतणे, छिद्रे पाडणे, ते आगीत तासन्‌तास फिरविणे, तुटले की पुन्हा ओतणे, याला पिढ्या लागतात. आपल्याकडे प्रयत्न झाले नाहीत असे नव्हे. १९५९ साली कानपूर येथे गॅस टर्बाइनच्या संशोधनाची संस्था सुरू झाली आणि लवकरच ती बंगलोरला आली. घाटगे यांच्या कारखान्यातही किरणसाठी एक देशी जेट इंजिन तयार झाले आणि १९६६ साली चाचणीसाठी फिरलेही. पण ते विमानात बसविण्याची वेळ आली नाही. पुढे १९८९ साली कावेरी इंजिनाचा प्रकल्प मंजूर झाला. ज्या तेजस विमानासाठी ते होते, ते विमान ४ जानेवारी २००१ रोजी अमेरिकन इंजिनावर उडाले आणि २००८ साली कावेरीची तेजसपासून ताटातूट झाली. मारुतचीच कहाणी नव्या नावाने पुन्हा सांगितली गेली, असे म्हणावेसे वाटते. आपल्या शेजारी नाशिकजवळ ओझर येथे गेली साठ वर्षे लढाऊ विमाने बांधली जात आहेत, ही अभिमानाची बाब आहे. तो अभिमान बाळगताना त्या विमानांच्या पोटातील पात्यांची विद्या कोणाची, हेही विचारले पाहिजे.

मग घाटगे यांचे कार्य अपुरे म्हणावे काय? काही जण तसे म्हणतील. मला तसे वाटत नाही. ज्या देशात विमानाचा खिळाही बनत नव्हता, तेथे त्यांनी विमान रचणारी माणसे तयार केली. ज्या कामाला तीन पिढ्या लागतात, त्यातील पहिली पिढी पहिल्या पिढीचेच काम करणार. तिने तिसऱ्या पिढीचे फळ हाती द्यावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. दोष द्यावयाचा तर तो नंतरच्यांनी धीर सोडण्याला द्यावा. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. शेजारीपाजारी विचारतात, एवढे शिकून काय होणार? घाटगे यांचे चरित्र वाचताना मला या प्रश्नाचे एक उत्तर सापडले. पहिल्याने सगळे गाठायचे नसते. पहिल्याने वाट मोडू न देता पुढच्याच्या हाती द्यायची असते.

डिसेंबर १९९१ मध्ये डॉ. घाटगे यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा उत्सव होत नाही, त्यांचा धडा आपल्या क्रमिक पुस्तकांत मी तरी वाचलेला नाही. परंतु त्यांच्या विमानावर शिकलेले वैमानिक पुढे देशासाठी उडाले, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्या अभियंत्यांनी पुढची विमाने रचली. हसूरचंपू ते गॉटिंगेन आणि गॉटिंगेन ते बंगलोर हा प्रवास ज्याने केला, त्याने मागे ठेवलेले काम अजून शिल्लक आहे. ते काम कोणा एका शास्त्र शाखेच्या विद्यार्थ्याचे नाही. वर्षानुवर्षे आगीत उभ्या राहणाऱ्या त्या पात्यांची विद्या पोसायला जसा पैसा लागतो, तसा समाजाचा धीर लागतो. आणि तो धीर निर्माण करणे हे भाषा, इतिहास आणि समाजशास्त्र शिकणाऱ्या आपल्यासारख्यांचेही काम आहे. आकाशात देशी इंजिनाचे, देशी पात्यांचे लढाऊ विमान घरघरेल, त्या दिवशी खेड्यातली पोरे पुन्हा वर पाहतील. तेव्हा त्यांना डॉ. घाटगे यांचे नाव सांगणारा कोणी तरी खाली उभा असावा, एवढीच इच्छा!

— बी. ए., द्वितीय वर्ष